घड्याळ तांदळाच्या डब्यात का जातं?

फोंडा तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते.

"माझे वडील ७८ वर्षांचे. सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होते. दोन वर्षांपूर्वी अल्झायमर्सचं निदान झालं. आजार अजून फार पुढे गेलेला नाही असं डॉक्टर म्हणतात. बाबा बोलतात, पेपर चाळतात, आपल्या हाताने जेवतात. पण संध्याकाळ झाली की बाहेर पडतात. एकदा दोन किलोमीटरवरच्या त्यांच्या जुन्या शाळेच्या व्हरांड्यात बसलेले सापडले, एकदा एका पायलटाने, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीवाल्याने, गाडीवर बसवून घरी आणून सोडलं. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने आजोबांसाठी खास घड्याळ बनवलंय. ते कुठे आहेत हे माझ्या मोबाइलवर दिसतं, अंगणाबाहेर गेले की मला सूचना येते, गोळीच्या वेळी घड्याळ थरथरतं आणि अडचणीत दाबायला त्यावर लाल बटण आहे. बाबांनी ते घालावं म्हणून त्यांचं जुनं घड्याळ आम्ही कपाटात ठेवून दिलं. पण मी सकाळी बांधलेलं घड्याळ दुपारी तांदळाच्या डब्यात सापडतं. रोज. आता भाचा दोन मित्रांना घेऊन 'टेस्टिंग'ला येणार म्हणतो. दुबईतला भाऊ म्हणतो, बाबांना काय विचारायचं, त्यांना कुठे कळतंय, आपण सही करून मोकळं होऊ. शिवाय घरात कॅमेरे बसवू. मला मनातून पटत नाही, पण रात्री डोळ्याला डोळा लागत नाही हेही खरं. बाबांना हे घड्याळ घालायला कसं पटवू?"

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं. तुम्ही ते जाता जाता लिहून गेलात: 'त्यांचं जुनं घड्याळ आम्ही कपाटात ठेवून दिलं.'

कसलं होतं ते? चावीचं? पांढरी तबकडी, काळे आकडे, चामड्याचा पट्टा? ते किती वर्षं मास्तरांच्या मनगटावर होतं? त्याच्याकडे बघून शाळेची घंटा होत असणार. आंघोळ, चहा, घड्याळाला चावी, असा सकाळचा क्रम असणार. या आजारात कालपरवाचं आधी पुसलं जातं, कारण नवी आठवण जिथे नोंदली जाते तो मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लवकर बाधित होतो. हाताला बसलेल्या सवयी त्या मानाने पुष्कळ उशिरा जातात. म्हणजे बाबांच्या बोटांना चावी आठवते, आणि मनगटावर जे बांधलंय त्याला चावीच नाही. वर ते दुपारी अचानक थरथरतं. घरच्या घरी अंगावर काहीतरी वळवळलं तर तुम्ही-मी काय केलं असतं?

आणि जागा तरी कुठली निवडली बघा. आपल्याकडे तांदळाच्या डब्यात काय ठेवतात? पिकायला घातलेले आंबे, आणि घरच्या बाईने कोणाला न सांगता बाजूला टाकलेली नोट. नकोशी वस्तू कोणी तांदळात घालत नाही, ती बाहेर भिरकावतो. मला वाटतं बाबा ते घड्याळ सांभाळून ठेवताहेत. कुणाची तरी महागाची वस्तू चुकून आपल्या हातात आलीय, ती हरवायला नको, असं काहीसं. माझा अंदाज चुकीचा असेलही. पण तुम्ही घरच्यांनी असा अंदाज बांधून बघितलात का? की 'आठवत नाही म्हणून करतात' एवढ्यावर विषय संपला?

घड्याळात काय काय आहे ते तुम्हीच लिहिलंय. ठिकाण दिसतं ते तुमच्या मोबाइलवर. सूचना येते ती तुम्हाला. गोळ्यांची काळजी तुमची. राहता राहिलं लाल बटण. ते कशासाठी आहे हे ऐन घाबरलेल्या क्षणी आठवलं तर बाबांच्या उपयोगाचं. त्यातून जन्मभर लाल शाईने चुका दाखवलेल्या माणसाला लाल रंग मदतीचा वाटेल का, हेही एकदा बघायला हवं. तर ताई, हे घड्याळ बाबांच्या मनगटावर असलं तरी तुमचं आहे. तुमची भीती खरी आहे, तिच्यासाठी काहीतरी हवंच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त 'बाबांसाठी बनवलंय' असं म्हणू नका, कारण तसं म्हटलं की त्यांनी न घालणं हा त्यांचा हट्ट ठरतो.

याचा दोष भाच्याला देऊ नका, तुम्हीही घेऊ नका. अशी साधनं बनवताना बहुधा आधी विचारतात ते डॉक्टरांना आणि सांभाळणाऱ्यांना. ते चटचट उत्तरं देतात, फॉर्म भरतात. पण 'यांचं कसं चाललंय?' हा एकच प्रश्न आजारी माणसाला आणि घरच्यांना वेगवेगळा विचारला, तर घरचे कमी गुण देतात आणि ती व्यक्ती स्वतःला जास्त देते, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. आजार सौम्य ते मध्यम असताना माणसं आपली आवडनिवड सुसंगतपणे सांगू शकतात, हेही दिसलंय. आज सोमवार की मंगळवार हे न सांगता येणारा माणूस 'हे मला नको' हे मात्र बरोबर सांगतो. आपण पहिल्या प्रश्नात त्याला नापास करतो आणि दुसरा विचारतच नाही.

माझंच सांगते. डिचोलीला माझी मावशी होती, शेवटची सहा वर्षं हाच आजार. गोळ्या विसरायची. मी हौसेने एक बोलणारा स्पीकर नेऊन लावला आणि त्यात माझाच आवाज भरला, 'मावशी, गोळी घे'. ओळखीचा आवाज, आपली कोकणी, आणखी काय हवं? पहिल्या दिवशी ती ताटावरून उठली आणि मला दार उघडायला गेली. दुसऱ्या दिवशी मला शोधत माडीवर. तिसऱ्या दिवशी कपाटामागे हात घालून बघत होती, आणि कपाळावर घाम. चौथ्या दिवशी मी तो स्पीकर पिशवीत घालून परत आणला. माझ्या त्या शहाणपणाची मला अजून लाज वाटते. मग तिच्या शेजारी बसून, बटाटे सोलता सोलता विचारलं, 'मावशी, गोळी केव्हा दिलेली बरी?' तिने मानही वर केली नाही. म्हणाली, "पदेर आयलो की दी." सकाळी सायकलवरून पावाची टोपली घेऊन पदेर यायचा, त्याचा तो रबरी भोंगा सगळ्या वाड्याला ऐकू जायचा. ती पाव घ्यायला उठायचीच. गोळ्यांची डबी आम्ही पावाच्या पिशवीला बांधली. पुढची दोन वर्षं ती डबी चालली. त्या उपकरणाला चार्जिंग लागत नव्हतं आणि ते सुचवलं होतं मावशीने.

म्हणजे यंत्र वाईट आणि भोंगा चांगला, असं मी म्हणत नाही. पदेर सगळ्या गावांत राहिलेत कुठे? माझं म्हणणं एवढंच की विचारायला मी चार दिवस आणि स्पीकरचे पैसे उशीर केला.

अपंगांच्या चळवळीत एक जुनी घोषणा आहे, 'आमच्याविना आमच्याबद्दल काही नको'. डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या जगात (अल्झायमर्स हा त्याचाच एक प्रकार) ती जरा उशिराच पोचली. २००२ साली स्कॉटलंडमध्ये निदान झालेल्याच माणसांनी एकत्र येऊन स्कॉटिश डिमेन्शिया वर्किंग ग्रुप काढला. जेम्स मॅकिलॉप हे स्वतः हा आजार असलेले गृहस्थ त्यात पुढे होते. २०१४ मध्ये डिमेन्शिया अलायन्स इंटरनॅशनल नावाची जागतिक संघटना निघाली, तीही अशाच लोकांनी चालवलेली. तिथली माणसं सभांमध्ये बोलतात, संशोधकांना प्रश्न विचारतात, साधन हातात घेऊन 'हे आम्हाला वापरता येत नाही' असं तोंडावर सांगतात. विद्यापीठांत याला को-डिझाइन म्हणतात. आपल्या भाषेत शेजारी बसून बनवणं.

आणि हे सगळं परदेशातलं, असंही समजू नका. साठीच्या वरच्या भारतीयांत सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं डिमेन्शियासह जगत आहेत असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. या आजारावरचं काही महत्त्वाचं काम तर आपल्या गोव्यातच झालंय. पर्वरीच्या 'संगत' या १९९६ मध्ये सुरू झालेल्या संस्थेशी जोडलेल्या संशोधकांनी दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. गावातल्याच साध्या शिकलेल्या लोकांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवलं, आजार समजावला, सांभाळणाऱ्यांचं ऐकून घेतलं. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्याने कमी झाला. हे मुद्दाम तुम्हाला सांगतेय, कारण तुमच्या उडालेल्या झोपेवर घड्याळ हे एकच औषध नाही. बोलायला कोणी हवंय. डिमेन्शिया सोसायटी ऑफ गोवा आहे, बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, आणि तिथलीच मानसोपचार संस्था आहे. पुढच्या वेळी बाबांना दाखवायला न्याल तेव्हा दहा मिनिटं स्वतःसाठीही मागून घ्या.

आता तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी येते. बाबा संध्याकाळी जातात कुठे?

पत्रात उत्तर आहे. एकदा तरी ते शाळेत गेले. दोन किलोमीटर, वळणं घेत, रस्ता ओलांडून, बरोबर आपल्या शाळेत. तुम्ही 'सापडले' लिहिलंत. त्यांच्या बाजूने बघितलं तर ते पोचले होते. गोवामुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. तुमचे बाबा त्या लाटेतले मास्तर असणार. चार भिंती, एक फळा, आणि पहिली ते चौथी सगळी पोरं एकट्याच्या जिवावर. संध्याकाळी त्यांना नेमकं काय खुणावतं? शाळा बंद करून कुलूप लावलं की नाही याची काळजी? की घरात दिवेलागणीच्या वेळी सगळे आपापल्या कामात असतात आणि त्यांना काही काम नसतं, एवढंच? मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. आणि हे माहीत नसताना भाच्याने घड्याळ बनवलं. 'अंगणाबाहेर गेले की सूचना' हे ज्याला हवं त्याला कुंपण हवंय. 'शाळेत जाऊन अंधारापूर्वी परत यायचंय' हे ज्याला हवं त्याला सोबत हवी, किंवा परतीची वाट दाखवणारं काहीतरी. या दोन गोष्टींची यंत्रं वेगळी होतात.

म्हणून भाच्याला येऊ द्या, पण 'टेस्टिंग' हा शब्द दाराबाहेर ठेवायला सांगा. तीन पोरं लॅपटॉप उघडून समोर बसली आणि 'आजोबा, आता हे दाबा' म्हणू लागली की ती परीक्षा होते, आणि ज्याने आयुष्यभर परीक्षा घेतल्या त्याला ते लगेच कळतं. आधी भाचा एकटा येऊ दे. सकाळी, चहा-नाश्ता झाल्यावर. संध्याकाळी अजिबात नको, तेव्हा त्यांचं मन आधीच बाहेर असतं. वीस मिनिटं पुरे. टीव्ही बंद. पडवीतल्या त्यांच्या नेहमीच्या जागी, त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसायचं. 'आठवतं का?' हे दोन शब्द वर्ज्य. 'तुम्हाला कसं घड्याळ आवडेल?' असला हवेतला प्रश्नही नको, कारण डोक्यात कल्पना करून दोन गोष्टी ताडून बघणं हेच अवघड झालेलं असतं. वस्तू हातात द्या. दोन पट्टे समोर ठेवा, एक चामड्याचा, एक रबराचा. गोव्याच्या घामात रबर काय करतं ते मनगटच सांगेल. काट्यांची तबकडी आणि आकड्यांची तबकडी समोर ठेवा. '१७:३०' हे बाबांना साडेपाच वाटतं का? देवनागरी आकडे मोठे काढून ठेवले तर बोट कुठे जातं? मला तर वाटतं ते तिथीही मागतील. त्यांच्या पिढीचा दिवस तारखेपेक्षा संकष्टी-एकादशीने चालतो, आणि बाजारातल्या स्मार्ट घड्याळाच्या पहिल्या पानावर सहसा एकादशी नसते.

बटणांचं असंच आहे. काचेवर काढलेलं बटण हे बटण आहे हे आपल्याला कळतं, कारण आपण शिकलोय. जो विजेचा दिवा खटका खाली करून लावत आला त्याला दाबल्यावर आत जाणारं, आवाज करणारं काहीतरी लागतं. शिवाय वय झालं की बोटं कोरडी पडतात, आणि स्पर्शाच्या पडद्याला कोरडं बोट नीट कळत नाही. बाबा तीनदा दाबतात, काही होत नाही, चौथ्यांदा जोरात दाबतात आणि आपण म्हणतो 'त्यांना वापरता येत नाही'.

एक युक्ती मात्र करून बघाच. घड्याळाच्या पडद्यावर जे जे दिसतं ते सगळं भाच्याने कागदावर मोठं छापून आणायचं. मराठीत. आणि आजोबांपुढे ठेवून म्हणायचं, 'मास्तर, जरा तपासून द्याल?' बरोबर लाल पेन. मग गप्प बसायचं. किती गप्प? आपल्याला अवघडल्यासारखं होईल त्याच्याही पुढे पाच मिनिटं. एखादी वेलांटी दुरुस्त होईल, 'एसओएस' या अक्षरांवर फुली बसेल, कुठेतरी 'म्हणजे काय?' असा शेरा येईल. कदाचित कोपऱ्यात दहापैकी चार गुण. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला याहून चांगला परीक्षक मिळायचा नाही. ज्यांच्या घरी मास्तर नाहीत, त्यांनी आपापला लाल पेन शोधावा. शिवणकाम केलेल्या आजीच्या हातात पट्टा आणि सुई द्या, कुळागर, म्हणजे पोफळीची बाग राखलेल्या आजोबांना कुळागरातून चालत चालत विचारा, पेटी वाजवणाऱ्याला विचारा सूचनेचा सूर कसा असावा. घरात ज्या माणसाला आपण दिवसभर मदत करतो, त्याला अर्धा तास आपल्याला मदत करायला लावायचं.

भाषा विसरू नका. तुम्ही घरी कोकणी बोलता आणि पत्र मराठीत लिहिलंत, गोव्यात हे वेगळं सांगायला नको. बाबांचं वाचन-लेखन मराठीत, रागावणं-घाबरणं कोकणीत असणार. मग छापील अक्षरं मराठी आणि ऐकू येणारा आवाज कोकणी ठेवावा लागेल. आणि 'म्हाका नाका' हे ज्या यंत्राला कळत नाही ते यंत्र अजून पुरं झालेलं नाही, असं भाच्याला माझ्यातर्फे सांगा.

एकाच बैठकीवर विसंबू नका. तेच दोन पट्टे तीन वेगवेगळ्या सकाळी समोर ठेवा. तिन्ही वेळा हात एकाच पट्ट्याकडे गेला तर ते त्यांचं मत. वेगवेगळा गेला तर त्यांना फरक पडत नाही, तो प्रश्न सोडून द्या. एका वहीत टिपत जा, घड्याळ किती वाजता निघालं, त्याआधी काय घडलं. थरथरल्यावर? हात धुताना? तुम्ही 'बाबा, काढू नका हं' म्हणाल्यावर? या शेवटच्याचं मला विशेष वाटतं, कारण या आजारात घटना विसरली तरी तिने उठवलेली भावना रेंगाळते. सकाळी घड्याळावरून दोघांत बोलाचाली झाली असेल, तर दुपारी बाबांना भांडण आठवणार नाही, पण त्या वस्तूकडे बघून मन उदास होईल. आणि उदास करणारी वस्तू तांदळात जाईल.

भावाच्या सहीबद्दल. कॉलेजच्या प्रकल्पासाठी घरच्यांची संमती लागेलच, आणि भाच्याने आपल्या गाइडना 'हे माणसांबरोबर करतोय, नैतिक समितीची परवानगी कशी घ्यायची?' असं विचारायलाच हवं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत अशा सहभागींसाठी जास्तीची काळजी सांगितलेली आहे. पण तुमच्या सहीने बाबांची परवानगी मिळाली असं होत नाही. ती रोज नव्याने घ्यावी लागते, कारण कालची त्यांच्या लक्षात नसते. भाच्याने प्रत्येक वेळी आपलं नाव सांगायचं, कशासाठी आलोय ते दोन वाक्यांत सांगायचं आणि विचारायचं, 'आज बसूया?' मान हलली तर बसायचं. ते उठून गेले, तोंड फिरवलं, पट्टा ओढू लागले, की त्या दिवसापुरतं संपलं. प्रकल्प मार्चमध्ये जमा करायचा असला तरी. व्हिडिओ काढायचे तर हातांचे काढा, आणि ते मित्रांच्या ग्रुपवर जायचे नाहीत. बाबांना आवडणार असेल तर अहवालाच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव सल्लागार म्हणून छापा.

आणि भाच्याला एक नावडता प्रश्न विचाराच: गुण मिळाल्यावर या घड्याळाचं काय? पोरगा नोकरीला बंगळूरला गेला, सिमचं रिचार्ज संपलं, पट्टा तुटला, तर कोण बघणार? सहा महिन्यांत बाबांना त्याची सवय लावायची आणि मग ते मुकं व्हायचं, त्यापेक्षा न लावलेली बरी.

तांत्रिक बाजूही तुम्ही डोळसपणे घ्या, कारण झोप त्या ठिपक्याच्या भरवशावर लागणार आहे. उपग्रहांचे संदेश कौलांखाली आणि दाट माडा-पोफळींखाली क्षीण होतात. ठिकाण कळलं तरी ते तुमच्या मोबाइलवर पोचायला रेंज लागते. फोंड्याच्या डोंगरउतारांवर ती कुठे कुठे गायब होते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. रेंज गेली की पडद्यावर जुनाच ठिपका शांतपणे उभा राहतो आणि आपल्याला वाटतं बाबा देवळापाशी आहेत. तो ठिपका किती मिनिटांपूर्वीचा आहे हे मोठ्या अक्षरांत दिसलं पाहिजे, हे काम भाच्याने आधी करावं. चप्पलेच्या तळव्यात यंत्र लपवा असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. गोव्यात ते नको. देवळाबाहेर चपला काढल्या की ते यंत्र दुसऱ्याच कुणाच्या पायांतून भलत्याच गावाला जाईल. विनोद सोडा, पण लपवलेली वस्तू हाती लागली की संशय बळावतो, आणि या आजारात संशय आधीच दबा धरून बसलेला असतो.

त्यापेक्षा जे यंत्र एकदा चाललं आहे ते वापरा. तो पायलट. त्याने बाबांना ओळखलं आणि घरी आणलं. पायलटांच्या अड्ड्यावर, तिठ्यावरच्या दुकानात, देवळातल्या भटजींना, शाळेशेजारच्या घरात तुमचा नंबर देऊन या. 'मास्तर संध्याकाळी फिरायला येतात, दिसले की मला एक फोन करा.' लाज बाळगू नका, गावातली अर्धी माणसं त्यांचे विद्यार्थी असतील. शर्टाच्या खिशाच्या आतून नाव आणि नंबराची पट्टी शिवा. अंगणाच्या फाटकाला पितळी घंटी बांधा, ती तुम्हालाही ऐकू येईल आणि बाबांनाही, लपवाछपवी नाही. आणि जमलं तर आठवड्यातून दोन संध्याकाळी कोणीतरी त्यांच्याबरोबर शाळेपर्यंत चालत जा. शाळेचं फाटक हलवून बघितलं, कुलूप नीट आहे म्हटलं, की पुष्कळदा पाय आपोआप घराकडे वळतात.

कॅमेऱ्यांचं थोडक्यात सांगते. निजायच्या आणि न्हाण्याच्या जागी कदापि नको. दाराशी एखादा लावायचा झाला तर बाबांना दाखवून, त्यात त्यांचं चित्र कसं दिसतं ते समजावून, आणि कोण कोण बघणार हे ठरवून लावा. भावाची काळजी खोटी नाही, लांब असलेल्याला बघितल्याशिवाय चैन पडत नाही. पण कॅमेऱ्याआधी त्याला आठ दिवस रजा काढून घरी राहायला सांगा. आठ दिवसांत तो स्वतःच सांगेल कुठला कॅमेरा कशाला.

कधी बाबांच्या मनाविरुद्ध जावं लागेल. विहिरीचं झाकण, गॅसचा कॉक, रात्री दोनला मागचं दार, जुलैच्या पावसात दुथडी भरलेला ओहोळ. तिथे मतदान घेत बसू नका. जेवढ्यास तेवढं करा आणि त्यांना दिसेल असं करा. आणि बाहेर पडणं किंवा गोंधळणं दोन-चार दिवसांत एकदम वाढलं तर घड्याळ बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. लघवीतला जंतुसंसर्ग म्हाताऱ्या माणसात असाच बोलतो.

आता उद्या सकाळचं. कपाटातलं जुनं घड्याळ काढा, चावी द्या, कानाला लावून बघा आणि बाबांच्या हातात द्या. काही बोलू नका, ते काय करतात ते बघा. डाव्या हाताला बांधलं तर भाच्याला फोन करून सांगा की त्याच्या यंत्राला आता उजवा हात, कमरेचा पट्टा, छत्रीची मूठ, शर्टाचा खिसा यांतली एखादी जागा शोधायची आहे, आणि ती शोधायला मास्तरांच्या शेजारी येऊन बसायचं आहे. तोवर त्याचं घड्याळ तांदळाच्या डब्यातच राहू दे. भात मांडायच्या आधी तेवढं बघून घ्या.